खाली दुकाने, वर घरे

आजचा संपूर्ण दिवस नाशिकमधील एका कोपऱ्यावरच्या भूखंडाच्या आराखड्यात गेला. तळमजल्यावर रस्त्याकडे दुकाने, मागे वाहनतळ आणि वर सदनिका, असा वरकरणी साधा वाटणारा हा प्रस्ताव आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाल्यामुळे गावोगावचे वेगवेगळे नियम चाळण्याचा त्रास कमी झाला, हे मान्यच करावे लागेल. मात्र पूरक चटईक्षेत्र, म्हणजे मूळ परवानगीच्या क्षेत्रावर मिळणारे जादा बांधकाम क्षेत्र, निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत आणि बिगरनिवासी वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत मिळत असल्याने एकाच इमारतीचा हिशेब दोनदा मांडावा लागतो, आणि दुकान फूटभर सरकले की दोन्ही हिशेब पुन्हा पहिल्यापासून!

खरी झटापट झाली ती खांबांशी. प्रत्येकी अडीच मीटर रुंदीच्या जागेत तीन मोटारी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, तर दोन खांबांमध्ये साडेसात मीटर मोकळे हवेत. वरच्या शयनगृहाची भिंत मात्र तीन-सव्वातीन मीटरवरच येते, त्यामुळे खालचे खांब आणि वरच्या भिंती जुळत नाहीत. त्यातच एका स्नानगृहाची सांडपाण्याची नळी नेमकी कोपऱ्यावरच्या, म्हणजे सर्वांत महागड्या, दुकानाच्या मधोमध उतरत होती. चार वेळा खोडून अखेर ती जिन्यालगतच्या डक्टमध्ये, म्हणजे नळ्यांसाठीच्या उभ्या पोकळीत, नेली, त्यापायी एका स्वयंपाकघराची खिडकी आक्रसली.

रहिवाशांचे प्रवेशद्वार मी बाजूच्या गल्लीत ठेवले आहे, म्हणजे रात्री घरी येणाऱ्याला दुकानांच्या गर्दीतून वाट काढावी लागणार नाही. त्यात एक दुकान कमी झाले आहे, आणि ते विकासकांना उद्या सकाळी सांगायचे आहे.