भैय्या चौकाच्या पुलावर एक रात्र

रेल्वे ब्लॉक घेऊन, म्हणजे काही तास गाड्या थांबवून, पूल पाडणार, असं आत्याने फोनवर सांगितलं आणि त्याच आठवड्यात मी कॅमेरा-ट्रायपॉड घेऊन पुण्याहून सोलापूर गाठलं. भैय्या चौकातून दमाणी नगराकडे जाणारा हा ब्रिटिशकालीन पूल. आजोबा नरसिंग गिरजी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. रात्रपाळी करून सकाळी याच पुलावरून परतायचे. पुढे मला दांडीवर बसवून बाजारात निघाले की चढाला उतरून सायकल ढकलायचे. त्यांचा वाढलेला श्वास माझ्या मानेवर लागायचा. पूल म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

रात्री साडेनऊला पोहोचलो. वाहतूक बंद, तोंडाशी बॅरिकेड. इतका मोकळा पूल मी जन्मात पाहिला नव्हता. पहाऱ्यावरच्या काकांनी हटकलं, "फोटो काढलालाव व्हय? मधी जाऊ नका, हितनंच काढा."

त्यांचं बरोबरच होतं. खाली 25,000 व्होल्टची तार आहे. अशा ठिकाणी धातूचा ट्रायपॉड कठड्याबाहेर काढायचा नाही आणि रुळांवर तर उतरायचंच नाही. कडेला जागा धरली. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, एफ (भिंगाचं छिद्र) 8, शटर तीस सेकंद उघडं. पहिल्या दोन फोटोंत चौकातल्या दिव्याने सगळं पांढरं केलं, म्हणून वेळ वीसवर आणला.

मधल्या वेळात टॉर्च लावून कठडा बघत बसलो. रंगाचा एक पोपडा सुटला होता. वर पिवळा, त्याखाली पांढरा, मग हिरवट, आणि अगदी तळाशी शेंदरी प्रायमर. वरची कड मात्र हात लागून लागून गुळगुळीत झालेली. सोलापुरात रेल्वे आली 1860 साली, पुढे गिरण्या आल्या. या कडेवर किती पाळ्यांचे हात फिरले असतील! त्या कडेचे मी नुसत्या पुलापेक्षा जास्त फोटो काढले.

दहा वाजून गेले तसे काका जवळ आले. "ह्याच्यावरनंच कामाला जायचो मी. माझा बी एक काढा की."

त्यांना कठड्यापाशी उभं केलं. वीस सेकंद अजिबात हलायचं नाही, असं बजावलं. त्यांनी काठी टेकवली, छाती भरून श्वास घेतला. मी शटर उघडलं आणि तेवढ्यात स्टेशनकडून मुंबईची सिद्धेश्वर एक्सप्रेस आली. कठडा हाताखाली बारीक थरथरला. डब्यांच्या खिडक्यांचा उजेड खालून सरकत गेला.

"आलं का?"

स्क्रीन मोठी करून दाखवली. चप्पल, काठी, शर्टाची बटणं सगळं स्वच्छ. चेहरा तेवढा पुसट, रुळांच्या बाजूला वळलेला.

"पुन्हा काढू या, काका."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "गाडी बघत हुतो."