जिप्सीचा क्लच: गिअरबॉक्स उतरवला, आता एकेक काम उरकतोय

गाडी: मारुती जिप्सी किंग, सोळा व्हॉल्व्हची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची), सॉफ्ट टॉप. टायर २३५/७५ आर१५. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) सगळं कंपनीचं.

तक्रार नेहमीचीच. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास चालवत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा आवाज चढतो आणि स्पीडचा काटा तिथेच रेंगाळतो. क्लच स्लिप मारतोय, म्हणजे घसरतोय आणि इंजिनाची ताकद पुढे जात नाही, हे कळायला यापेक्षा सोपी चाचणी नाही, आणि घाट शोधत जायचीही गरज पडत नाही. केबलचा फ्री प्ले (पेडल दाबताना सुरुवातीची ढिलाई) तपासला, तो होता. फ्री प्ले नसता तर नुसती केबल ढिली करून काम भागलं असतं, कारण ताणलेली केबल प्रेशर प्लेटला (क्लच प्लेटला इंजिनामागच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारी) पूर्ण आवळूच देत नाही. इथे तसं नव्हतं. क्लच प्लेट घासून संपली होती.

जागेवरून उचलताना गाडी थरथरायचीही. पण ती थरथर क्लचचीच आहे असं मी गृहीत धरलं नाही, आणि तुम्हीही धरू नका. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागे वेगळा, तीन रबरी माउंटिंगवर लटकलेला असतो, आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. यातलं एखादं रबर फाटलं की पिकअप घेताना ट्रान्सफर पिळला जातो, परत येतो, पुन्हा पिळला जातो. सीटवर बसलेल्याला ते हुबेहूब क्लच जडरसारखं, म्हणजे क्लचच्या थरथरीसारखं लागतं. हाच प्रकार शाफ्टच्या सांध्यातल्या घासलेल्या क्रॉसचा. नवा क्लच टाकूनही थरथर गेली नाही म्हणून हळहळणारे जिप्सीवाले मी पाहिले आहेत. खाली झोपून पहार लावून ट्रान्सफर हलवून पाहिला: एका माउंटिंगचं रबर धातूपासून सुटलेलं. म्हणजे दोन्ही आजार एकाच वेळी.

आता क्लच इतका लवकर का गेला, यावर थोडं. टू-व्हीलमध्ये चढावर जोर दिला की मागची चाकं फिरतात, माती उडते, आणि ताकद तिथे निघून जाते. फोर बाय फोर लावलं की चारही टायर पकड घेतात. मग साखळीत घसरण्यासारखी एकच जागा उरते, ती म्हणजे क्लच प्लेट. त्यात ही गाडी मुळात आरपीएमवर जगणारी: ८० बीएचपी ६००० ला, १०३ एनएम टॉर्क ४५०० ला. खालच्या आरपीएमवर दम नाही, म्हणून माणूस हाफ क्लचवर गाडी ओढतो. वर आपण टायर मोठे टाकतो. मूळ २०५/७० आर१५ चा व्यास साधारण ६६८ मिमी, माझ्या टायरचा ७३३. म्हणजे गिअरिंग जवळजवळ दहा टक्क्यांनी उंच झालं. पहिला गिअर पहिला राहिलाच नाही.

यावर उतारा गाडीतच दिलेला आहे. ट्रान्सफरला स्वतःचे दोन गिअर असतात: हाय, रेशो १.४०९, आणि लो, २.२६८. लो टाकलं की गाडी तेवढ्याच आरपीएमला साधारण १.६ पट सावकाश चालते, आणि चाकावरचा जोर त्याच पटीत वाढतो. पण आपल्याकडे समज असा की लो म्हणजे चिखलात रुतल्यावरचं औषध. तसं नाही. दगडी चढावर रिव्हर्स घ्यायचा आहे, समोरची गाडी थांबलीय म्हणून इंचाइंचाने सरकायचंय, ट्रेलर ओढायचाय, अशा प्रत्येक वेळी लो हा क्लच वाचवायचा गिअर आहे. अट एकच, जमीन सैल हवी. कोरड्या डांबरावर वळणं घेत फोर बाय फोर चालवलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात.

शनिवार: उतरवणे

मित्राच्या पौडजवळच्या शेडमध्ये काम. पक्का कोबा, चार स्टँड, एक ट्रॉली जॅक. सोबत आमचे मिस्त्रीकाका, ज्यांनी सैन्यातून लिलावात आलेल्या कितीतरी जिप्स्या उघडल्या आहेत.

बॅटरी काढली, आतून लिव्हरचे बूट आणि गिअर लिव्हर काढला, स्टार्टर, क्लच केबल, रिव्हर्स लाइटची वायर सोडली. गिअरबॉक्सचं ऑइल काढून घेतलं. शाफ्ट सोडण्याआधी प्रत्येक फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे जसे होते तसेच परत बसतील. मधला छोटा शाफ्ट आणि जागा व्हावी म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट बाहेर. ट्रान्सफर जागच्या जागी राहिला. हे या गाडीचं मोठं सुख. ज्या गाड्यांत ट्रान्सफर गिअरबॉक्सलाच जोडलेला असतो तिथे दोघांचं मिळून धूड खाली घ्यावं लागतं. इथे गिअरबॉक्स दोघांनी मिळून सहज उतरतो.

गिअरबॉक्स मागे ओढण्याआधी इंजिनाखाली लाकडी फळी घालून जॅक लावला. मागचा आधार गेला की इंजिन मागच्या बाजूने खाली झुकतं आणि होज, वायरिंग ताणलं जातं.

बेल हाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सचं क्लच झाकणारं तोंड) काळी भुकटी भरलेली. प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली, प्रेशर प्लेटवर निळे डाग. फ्लायव्हीलवरही निळसर पट्टे आणि केसासारख्या बारीक रेषा. खालच्या कडेला ओल दिसली. काकांनी बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, "गिअर ऑइल आहे. इंजिनाचं नाही." गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. म्हणजे दोषी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, क्रँकचं मागचं सील नव्हे. मी विचारलं, मग क्रँकचं सील तसंच ठेवू का? काका माझ्याकडे बघत राहिले. "अहो, गिअरबॉक्स परत कोण उतरवणार, तुम्ही?" दोन्ही सील बदलायची ठरली.

मधले दिवस: सामान आणि लेथ

पुण्यातल्या नाना पेठेतून सामान आणलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, दोन्ही सील, क्लच केबल. जुनी केबल तुटलेली नव्हती, पण आतून कोरडी पडून जड झाली होती, आणि पेडल जड असलं की दोष नव्या प्रेशर प्लेटला दिला जातो. ट्रान्सफरची तिन्ही माउंटिंग एकदम मागवली. एकच नवं आणि दोन मऊ झालेली ठेवली तर ट्रान्सफर तिरका बसतो.

फ्लायव्हील भोसरीत लेथवर दिला. रेषा पहिल्याच हलक्या कटमध्ये गेल्या. त्या खोल निघाल्या असत्या तर दुसरा फ्लायव्हील शोधावा लागला असता. जास्त उतरवलेला फ्लायव्हील मला नको होता. काही जण नुसता पॉलिश पेपर मारून नवी प्लेट बसवतात. उष्णतेने कडक झालेले डाग तसेच राहतात आणि काही महिन्यांत थरथर परत येते, असं माझं मत. काका पॉलिश पेपरच्या बाजूचे आहेत. वाद मिटलेला नाही.

रविवार: चढवणे

आधी सील, मग पायलट बेअरिंग, मग फ्लायव्हील. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट दोन्हीचे तोंड ब्रेक क्लीनरने पुसले, कारण नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. प्लेटची स्प्रिंगची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. सेंटरिंगला, म्हणजे प्लेट बरोबर मधोमध बसवायला, काकांकडे जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा आहे, प्लास्टिकच्या हत्यारापेक्षा तो कितीतरी बरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले. मॅन्युअलमधला टॉर्क १८ ते २८ एनएम. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टवरचे दाते) ग्रीसचा नुसता हात फिरवला. जास्त ग्रीस फिरून प्लेटवरच उडतं.

गिअरबॉक्स बसवताना दोन लांब बोल्टची डोकी कापून गाइड पिन केल्या आणि इंजिनाच्या वरच्या दोन भोकांत लावल्या. त्यांच्यावर गिअरबॉक्स सरकवला की वजन इनपुट शाफ्टवर येत नाही. त्या वजनानेच नव्या प्लेटचा हब वाकतो. शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हाताने थोडा फिरवला, स्प्लाइन जुळली, बॉक्स आत गेला. इथे बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. बेल हाउसिंगचे कान तुटतात ते तेव्हाच.

शाफ्ट रेघेला रेघ जुळवून, ऑइल ७५डब्ल्यू-९० भरलं, ट्रान्सफरचंही बदलून टाकलं. पेडलचा फ्री प्ले २५ मिमीच्या आसपास ठेवला. नवी प्लेट बसत जाईल तसा तो कमी होईल, म्हणून दर आठवड्याला बघतोय.

सध्या

रिव्हर्स आवाज न करता पडतो, पेडल हलकं आहे, चौथ्या गिअरची ती चाचणी अजून मुद्दाम केलेली नाही. पहिले काहीशे किलोमीटर शहरातच, जोर न देता. ट्रान्सफरची माउंटिंग मात्र अजून आलेली नाहीत, त्यामुळे उचलताना थोडी थरथर आहेच. अंदाज खरा होता की नाही ते ती बसल्यावर कळेल. कोणी जिप्सीला पॉलियुरेथेनची माउंटिंग टाकून पाहिली असतील तर सांगा: थरथर जाते, पण ट्रान्सफरच्या गिअरचा हुंकार केबिनमध्ये किती वाढतो?