फोटो हुकले, वास मात्र आला (अलास्का, जून)

फोटो मागू नका, जवळजवळ सगळे हललेत. मी आणि आई जुनोहून एका छोट्या जहाजाने निघालो, जेमतेम साठ माणसं. जुनो म्हणजे अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच येत नाही, यायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. हे कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, "मग भाजी कशी येते गं?"

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन डेकवर उभ्या होतो, धुकं, दोन्ही बाजूंना पार पाण्याला टेकलेलं जंगल, आणि एकदम शेजारी फुस्स्स! हम्पबॅक देवमासा. तो दिसायच्या आधी वास आला, डब्यात विसरलेल्या सुक्या बोंबलांचा येतो ना तस्सा! हे आधी कुणी सांगतच नाही. गाइडने हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, पाण्यात सोडला तर खालून तुतारीसारखा सूर. एक देवमासा ओरडतो, दुसरा बुडबुड्यांचं गोल जाळं विणतो, हेरिंग मासे मधे कोंडतात आणि मग सगळी गँग आ वासून खालून वर. हिवाळ्यात हे हवाईला जातात आणि तिथे जवळपास उपाशीच असतात, म्हणून इथे एवढी हाणाहाणी.

साउथ मार्बल बेटावर सी लायन्स, म्हणजे सीलसारखे थोराड समुद्री प्राणी. आवाज म्हणजे पंगतीतली शंभर माणसं एकदम ढेकर देतायत असा, आणि वासाचं तर बोलूच नका. पोट भरलेला एक पफिन पक्षी उडायला म्हणून पाण्यावर थपथप धावत सुटला, आई हसून हसून बेजार.

मग ग्लेशियर बे. 1794 मधे व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दीची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती, आता मार्जरी ग्लेशियर (हिमनदी) गाठायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. समोर पोचल्यावर इंजिन बंद. आजूबाजूचे बर्फाचे तुकडे फुटाण्यांसारखे तडतडत होते, आत अडकलेली जुनी हवा सुटते म्हणे. तेवढ्यात निळ्या भिंतीचा एक कपचा निसटला, आधी नुसता पडताना दिसला आणि मग मागून आवाज आला. इथले त्लिंगित लोक याला पांढरा गडगडाट म्हणतात.

मी कॅमेरा काढेपर्यंत सगळं पाण्यात. आईने मात्र शांतपणे रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. रात्री दहा वाजता, अजून उजेड असताना, केबिनमधे बसून ऐकलं, तर त्यात गडगडाट कुठेच नाही, नुसती मीच किंचाळतेय, "आई बघ, आई बघ, अगं बघ ना!"