कांद्याच्या टरफलांचा ईस्टर

ईस्टर जवळ आला की आमच्या जालन्याच्या घरात कांद्याची टरफलं फेकायला बंदी होते, सणाची अंडी रंगवायला ती लागतात. ओट्याच्या कडेला एक कापडी पिशवी लटकते. ती भरेपर्यंत घरात कांदाभजी जरा जास्तच होतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. तरीही कमी पडलंच तर मंडईत कांदेवाल्याकडे जायचं. पोत्याच्या बुडाशी हा ढीग असतो. ‘‘न्या ताई, तेवढंच झाडायचं काम वाचलं,’’ म्हणतो.

आमच्या भागातली ख्रिस्ती वस्ती जुनी. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. अंडी रंगवायचा नाद मात्र घरात नवा, मुलीने आणलेला. सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘‘अंडं खायचं का बघायचं?’’ खरं तर दोन्ही. पूर्वी युरोपात ईस्टरआधीच्या उपासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना उपास कोण सांगणार? त्या घालतच राहायच्या, आणि साठलेली अंडी सणाला ताटात यायची. ग्रीसमध्ये ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. तिथेही कित्येक घरांत कांद्याची टरफलंच उकळतात.

आदल्या दिवशी, शनिवारी, आमचा कारखाना चालतो. टरफलं अर्धा तास उकळून पाणी गाळायचं, त्यात थोडं व्हिनेगर. अंड्याचं कवच चुन्याचं, आंबटाने ते किंचित खरखरीत होतं आणि रंग धरतं. मला आवडतो तो पानांचा खेळ. मेथीचं एक पान ओलं करून अंड्यावर चिकटवायचं, देठापासून टोकापर्यंत बोटाने दाबत न्यायचं. मग जुन्या मलमलीच्या तुकड्यात अंडं घट्ट बांधून पाण्यात सोडायचं. फडकं ढिलं राहिलं की पानाखाली रंग शिरतो आणि मेथीचा नुसता डाग उमटतो. नीट बसलं तर विटकरी अंड्यावर तीन पांढऱ्या पाकळ्या, मधली शीरसुद्धा दिसते. गाठ सोडताना सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटतात.

बीटवर माझा भरवसा नाही. पातेल्यात काय तो थाट, आणि अंड्यावर मळकट गुलाबी, तोही वाळताना तपकिरीकडे झुकतो. जांभळा कोबी याच्या उलट. तो आमच्याकडे सहज मिळत नाही, छत्रपती संभाजीनगरहून कुणी येणार असेल तर सांगून ठेवावं लागतं. पाणी जांभळं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवलेलं पांढरं अंडं सकाळी निळं! गावरान अंड्याचा रंग मुळातच तांबूस, त्यावर तोच कोबी हिरवट उतरतो.

हळदीला मात्र तोड नाही. वसमतची हळद असली की अंडं नवरीसारखं पिवळंधमक. पुतण्याने त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून नाव काढलं, तर अक्षरं लाल उमटली. तो ओरडला, ‘‘काकू, जादू!’’ सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘‘जादू कशाची? हळदीला चुना लावला की कुंकू होतं, एवढंही ठाऊक नाही?’’ त्या दिवसापासून हळदीचं पातेलं त्यांच्या ताब्यात आहे.

पळसाच्या फुलांचं गणित पंचांगावर. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे तो कधी होळीच्या पाठोपाठ येतो, कधी हनुमान जयंतीच्या आसपास. 2024 मध्ये होळीनंतर आठवड्याच्या आत आला, पळस ताजा मिळाला. 2025 मध्ये थेट 20 एप्रिल! तोवर पळस झडून गेलेला, शिमग्यात वाळवून ठेवलेली फुलंच भिजवावी लागली. तुरटीची चिमूट टाकली की त्यांचा पिवळा उजळतो.

एप्रिलातल्या उन्हात उकडलेली अंडी टोपलीत मांडून मिरवायची सोय नाही. चर्चहून आलो की फोटो काढून लगेच फ्रिजमध्ये. सोमवारी ती सोलून येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, रश्श्यात पडतात. तडकलेल्या अंड्यांत आतही रंगाच्या रेघा उतरलेल्या असतात आणि त्या अंड्यावरून पोरांची भांडणं होतात. निळ्या रेघांचं अंडं मात्र गेल्या वर्षी सासूबाईंनीच पळवलं.