आमची वाटचाल: वजनकाट्यापासून खतावणीपर्यंत

आमचं ऑफिस सातपूर एमआयडीसीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली सीएनसीचं वर्कशॉप आहे, त्यामुळे आमच्याशी फोनवर बोलणाऱ्याला मागे दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज येतो. द्राक्षाच्या पॅकहाउसचं सॉफ्टवेअर करणारे नाशकात आता पैशाला पासरी झालेत. पण काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, पेटीवर लेबल छापायचं, तोच आकडा पॅलेटच्या यादीत आणि पुढे निर्यातीच्या कागदांत न्यायचा, आणि मध्येच लाइट गेली तर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू करायचं, हे सगळं एका धाग्यात या भागात आधी आम्ही करून दाखवलं. ठासून सांगतो, कारण हेच वाक्य आज दुसऱ्या एका ब्रोशरवर छापलेलं आहे. त्यांच्याकडे येतोच.

सुरुवात २००८ ची. शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या अपेडानं २००६ मध्ये ग्रेपनेट ही द्राक्ष निर्यातीच्या नोंदींची ऑनलाइन व्यवस्था आणली आणि युरोपला जाणाऱ्या प्रत्येक पेटीचा माग थेट बागेच्या प्लॉटपर्यंत लागला पाहिजे, असं झालं. प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूचा, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशांचा नमुना, लॉट नंबर, सगळं जुळायला हवं. पॅकहाउसवाले तेव्हा वहीत लिहून रात्री एक्सेलमध्ये भरत. मी आणि माझे भागीदार, दोघंही आधी अंबडच्या एकाच कारखान्यात ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होतो. कॅनडा कॉर्नरला एक खोली घेतली आणि सुरू केलं.

पहिलं गिऱ्हाईक पिंपळगाव बसवंतचं. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो. काकांनी अ‍ॅडव्हान्स दिला नाही, काटा दिला. म्हणाले, "हा घेऊन जा, याच्याशी बोलता आलं तर परत या." ज्यांनी काट्याच्या इंडिकेटरमागच्या नऊ पिनांच्या पोर्टशी झटापट केली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. काटा सेकंदाला कितीतरी आकडे फेकत असतो. ओळीच्या सुरुवातीला एसटी असेल तर वजन स्थिर, यूएस असेल तर पेटी अजून हलतेय. हे न बघता आला तो आकडा उचलला की पाच किलोच्या पेटीवर चार किलो आठशेचं लेबल लागतं. आमच्याकडे सिडकोतला एक मुलगा होता, डिप्लोमा झालेला. त्यानं आठवडाभर पॅकहाउसमध्ये त्या काट्याशेजारी बसून ते वाचन नीट बसवलं. तो कोड, किरकोळ फेरफार सोडले तर, आजही चालू आहे.

पुढची बारा-तेरा वर्षं सीझन येत गेले, जात गेले. २०१० ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या रेसिड्यूवरून युरोपात माल अडकला तेव्हा आमच्या लॉटच्या नोंदी लोकांच्या कामी आल्या. नोटाबंदी झाली, जीएसटी आला, आम्ही सातपूरला आलो. लिहिण्यासारखं विशेष नाही.

लिहिण्यासारखं २०२१ मध्ये झालं. ऑक्टोबर छाटणी उरकलेली, सीझन तोंडावर, दिवाळीचे बोनस वाटून झालेले. आणि भागीदारांनी वेगळं व्हायचं ठरवलं. वेगळं व्हायला माझी हरकत नव्हती. ते आमची निम्मी पोरं घेऊन गेले, आणि आमच्याच गिऱ्हाइकांकडे एक ग्राफ घेऊन गेले. लॉकडाउननंतरचा तो काळ आठवा. घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचा पगार मिळत होता, पोरं थांबवणं आधीच मुश्कील. त्यात हा ग्राफ. आमच्या गिट रिपॉझिटरीतून, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला याची नोंद जिथे राहते तिथून काढलेला, प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टा. सगळ्यात लांब पट्टा त्यांचा, निम्म्याहून जास्त ओळी त्यांच्या नावावर. "सॉफ्टवेअर मी लिहिलंय, तिकडे आता फक्त बोर्ड उरलाय," असं चांदवडपासून निफाडपर्यंत सांगत फिरले.

आता हा पट्टा लांब कसा झाला ते सांगतो, कारण माझं पुढचं सगळं काम यातूनच निघालं. लिनस टोरवाल्ड्सनं गिट २००५ मध्ये केलं, पण आम्ही आधी सबव्हर्जन हे त्याच कामाचं जुनं साधन वापरत होतो. २०१३ मध्ये बदललं. बदलायचं काम भागीदारांकडे होतं. त्यांनी इतिहास आणलाच नाही, चालू कोडचं फोल्डर उचललं आणि एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत टाकलं, स्वतःच्या नावानं. पाच वर्षांचं सगळ्यांचं काम त्या एका तारखेला त्यांचं झालं. सिडकोच्या मुलाचा काटासुद्धा. पुढे एकदा सगळ्या फाइलींमधले टॅब काढून स्पेस घातले, म्हणजे आणखी हजारो ओळींवर नाव चढलं. गिट ब्लेम ही कमांड एवढंच सांगते की या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला. डब्ल्यूचा स्विच दिला तर नुसत्या स्पेसचे बदल ती सोडून देते, आणि असल्या कमिटची वेगळी यादी दिली तर त्यांच्याकडे दुर्लक्षही करते. ग्राफ काढणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

जुना सबव्हर्जनचा सर्व्हर माळ्यावर होता. असेंबल केलेला डबा, वर चिकटपट्टीनं लावलेला कागद, 'बंद करू नये'. पॉवर सप्लाय गेला होता, हार्ड डिस्क शाबूत होती. जुनी युजरनेमं कोणाची याची फाइल बनवून गिट एसव्हीएन या साधनानं सगळा इतिहास पुन्हा गिटमध्ये आणला आणि नव्या इतिहासाला जोडला. भागीदारांचा पट्टा इतका आखूड झाला की मी तो दोनदा तपासला. त्याची प्रिंट घेऊन मीही फिरलो. खरं सांगायचं तर फार कोणी बघितली नाही. एका सीझनमध्ये गिऱ्हाइकं अर्ध्यावर आली, पगार तुकड्यांत दिले, राहता फ्लॅट बँकेकडे गेला. ज्यांच्या मुलाच्या लग्नात मी वाढप्यासारखा राबलो होतो, अशा एका पॅकहाउसवाल्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं.

काकांकडे मात्र दोघांचं प्रेझेंटेशन एकाच आठवड्यात झालं, आधी त्यांचं, मग माझं. काकांनी दोन्ही ग्राफ बाजूला ठेवले. म्हणाले, "रात्री दीडला काटा अडकतो, कंटेनर न्हावा शेवाला निघायचा असतो. तेव्हा माझ्या पोरांचा फोन कोण उचलतं? त्या पोरीचं नाव कुठंय यात?"

त्या म्हणजे आमच्या टेस्टिंगच्या ताई. दोन्ही ग्राफमध्ये ताईंचा पट्टा जेमतेम दिसायचा. कोड त्या थोडाच लिहितात. पण विंडोज अपडेट झाल्यावर काट्याच्या पोर्टचा कॉम ३ चा कॉम ७ होतो हे पॅकहाउसच्या पोराला फोनवर समजावून सांगणं, आणि मग ते पुन्हा होऊ नये म्हणून कोणाच्या तरी मागे लागून पोर्ट आपोआप शोधणारा कोड लिहून घेणं, हे ताईंचं. काकांनी तिथेच तीन वर्षांच्या एएमसीचा, म्हणजे देखभाल कराराचा चेक फाडून हातात दिला. ताई आमच्याकडेच होत्या.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय: कोणाचं काम किती, हे पुराव्यानिशी कळलं पाहिजे आणि पैसे त्याप्रमाणे वाटले पाहिजेत. ओळी मोजून हे होत नाही, हे जुनंच आहे. १९८२ मध्ये अ‍ॅपलच्या लिसा कॉम्प्युटरवर काम चालू असताना मॅनेजरांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरायला लावला होता. बिल अ‍ॅटकिन्सननं एक भाग नव्यानं, जास्त वेगवान आणि लहान लिहिला होता. त्यानं फॉर्मवर उणे दोन हजार लिहिलं. हे मी काकांना सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. विरळणी करणारी बाई घडातले मणी काढूनच टाकते, तिला मजुरी राहिलेल्या मण्यांची मिळते का, एवढंच म्हणाले.

सुरुवातीला मी आणि ताई हातानं करायचो. तिकीट म्हणजे अडचणीची नोंद, त्याचं कमिट, रिव्ह्यूमध्ये म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना झालेलं बोलणं, पुढे आलेले फोन, सगळं एका शीटमध्ये. दोन माणसांनी हे करायचं तर धंदा कोण करणार? २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या वर्षी आम्ही हे वाचायचं काम एआयकडे दिलं. त्या व्यवस्थेला आम्ही खतावणी म्हणतो.

खतावणीचं काम असं. प्रत्येक मर्जमागचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलेल्या प्रत्येक कामामागचा कोडमधला फरक, त्याचं तिकीट, रिव्ह्यूची चर्चा आणि पुढच्या तीन महिन्यांत त्या भागाचं काय झालं, हे सगळं एकत्र जातं. ते काम मागे घ्यावं लागलं का, तोच बग परत आला का, त्या विषयाचे फोन कमी झाले का. नावं काढून अक्षरं घालतो. यंत्राला विचारतो, कोणती अडचण सुटली, ती अवघड कशामुळे होती, आणखी कोणाचा हात लागला. प्रत्येक वाक्यापुढे कमिटचा किंवा तिकिटाचा नंबर हवा. नंबर नसलेलं वाक्य आपोआप गळतं, कारण हे यंत्र गोड बोलण्यात पटाईत आहे.

मार्क मागत नाही. दहापैकी मार्क मागितले की सगळ्यांना सात आणि आठ. दोन कामं शेजारी ठेवून तुलना करायला सांगितलं तर बरं उत्तर येतं, पण तिथेही खोड आहे. लांबलचक लिहिलेलं त्याला आवडतं, आणि आधी दाखवलेल्याकडे कल जातो. भाषा-मॉडेलकडून परीक्षण करवून घेणाऱ्या संशोधकांनी २०२३ मध्येच हे नोंदवलंय. म्हणून आम्ही क्रम उलटा करून पुन्हा विचारतो. निकाल फिरला तर ती तुलना रद्द.

एक उदाहरण देतो. ताईंचा एक रिव्ह्यू होता, रोमन लिपीतलं मराठी, चारच शब्द: 'इथे तारीख उलटी येईल.' यंत्रानं लिहिलं, मांडणीविषयी किरकोळ सूचना. आता ती तारीख पॅकिंगची होती. ३ एप्रिलची पेटी ४ मार्चची दिसली असती आणि युरोपातल्या गोदामात अख्खा लॉट महिन्याभराचा जुना ठरला असता. त्या चार शब्दांनंतर कोडमध्ये काय बदललं, ते फील्ड कुठल्या लेबलवर छापलं जातं, हे जोडून दिल्यावर यंत्रानं बरोबर ओळखलं. मुद्दा असा की यंत्राला कोड दाखवून भागत नाही, पेटी कुठे जाते तेही दाखवावं लागतं.

आणि आता तर पोरं कोडही एआयकडून लिहून घेतात. मोठ्ठे मर्ज येतात, वर्णनं झकास. वेग वाढला असं प्रत्येक जण सांगतो. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेनं १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांना २४६ कामं देऊन मोजलं. एआय वापरलं तिथे १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र २० टक्के वेळ वाचल्यासारखं वाटत होतं. साधनं दर महिन्याला बदलतात, आकडाही बदलेल. पण 'मला वाटतं'वर मी बोनस देत नाही.

पैशाचं म्हणाल तर एएमसीच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा बाजूला निघतो. निम्मा सगळ्यांना सारखा, निम्मा खतावणीवरून. आधी प्रत्येकानं आपलं पान वाचायचं, हरकत घ्यायची, मग तिघं बसून ठरवतात. त्यातला एक पोरांनी निवडलेला असतो. पैशाचा आकडा यंत्र पाहतही नाही. पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा वाटा ताईंचा निघाला आणि आमचा डेटाबेसवाला चिडला. त्याचं म्हणणं, मी बॅकअप आणि इंडेक्स इतके चोख ठेवले की एकही तिकीट आलं नाही, म्हणून माझं पान कोरं! रास्त होतं. आता डेटाबेसच्या कामासाठी सीझनमधला भार आणि प्रतिसादाचा वेळही खतावणीत जातो.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. भागीदारीत पडत असाल तर रिपॉझिटरी कोणाच्या अकाउंटवर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे, हे करारपत्रात लिहून घ्या. मशिनरीची यादी जोडता ना, तशी हीही जोडा. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या गिटमध्ये नाव आणि ईमेल बरोबर टाकून घ्या. आमच्याकडे एक जण वर्षभर 'यूजर' नावानं कमिट करत होता. पोरांच्या स्क्रीनचे फोटो काढणारी आणि कीबोर्ड मोजणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका. ती विकणारे माझ्याकडेही येतात, मी त्यांना खालच्या वर्कशॉपमध्ये पाठवतो. आणि जुना सर्व्हर भंगारात देऊ नका.

गेल्या वर्षीपासून सातपूर-अंबडच्या काही छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आम्ही खतावणी लावून देतो. कोणाला काढायचं हे ठरवायला हवी असेल तर देत नाही, तसं कोटेशनवरच लिहिलेलं आहे. काही जण ते वाचून परत जातात. ते कुठे जातात तेही मला माहीत आहे, कारण आमच्या माजी भागीदारांनी आता 'एआय परफॉर्मन्स डॅशबोर्ड' काढलाय. मी डेमो बघून आलो. प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टा, वरचे हिरवे, खालचे लाल. कशाच्या जोरावर हिरवा, हे विचारलं तर सेल्सच्या मुलानं सांगितलं, एआय ठरवतं.

सिडकोचा मुलगा २०२४ मध्ये त्यांच्याकडून परत आला. काट्याचा इतिहास त्याच्या नावावर पुन्हा बसलाय, त्याच्या पानावर पहिली नोंद २००८ ची आहे. वाटणीच्या कागदावर ठरलेला शेवटचा हप्ता भागीदारांकडून अजून यायचा आहे. नोटीस पाठवली आहे.