कारल्याचे क्रेट आणि हिरवी सुतळी

शहापूर तालुक्यातील माझ्या माहेरच्या गावी अकरा शेतकरी गेली चार वर्षे रासायनिक खते व औषधे न वापरता भाजीपाला पिकवीत आहेत. भात निघाले की प्रत्येकजण अर्ध्या एकराच्या आतबाहेर कारली, काकडी, दुधी, वांगी, वाल असे काही ना काही लावतो. जीवामृत हे घरगुती खत आणि दशपर्णी अर्क हे झाडपाल्याचे कीडनाशक, यांची पिंपे तर आता प्रत्येकाच्या अंगणात दिसतात. मी मुलुंडला राहते आणि ही भाजी आठवड्यातून दोनदा आमच्या व आसपासच्या इमारतींतील साठ-सत्तर घरांत पोहोचवते. मात्र जानेवारीत सगळ्यांचीच कारली एकदम तोडणीला येतात, आणि साठ घरांनी कितीही मनावर घेतले तरी आठवड्यातून दोनदा कारली कोण खाणार? उरलेला माल न्यायचा कुठे, या अडचणीपायी आम्ही मागच्या हंगामात प्रथमच वाशीचा घाऊक बाजार गाठला.

पहिली खेप सपशेल फसली. भावाने गावातून सात प्रकारची मिळून ३४० किलो भाजी गोळा केली आणि टेम्पोचे भाडे २,८०० रुपये ठरवले, म्हणजे गाळ्यापर्यंत पोहोचतानाच किलोमागे आठ रुपयांहून अधिक खर्च झाला होता. पहाटे तीनच्या सुमारास आम्ही गाळ्यासमोर क्रेट उतरवले. गाळ्याच्या शेठनी, म्हणजे आमचा माल विकून देणाऱ्या आडत्याने, एका क्रेटमधली वरची चार कारली बाजूला सारली, तळापर्यंत हात घातला आणि एक कारले वर काढले. ते वरच्यांच्या दुप्पट जाड होते आणि टोकाला पिवळे पडू लागले होते. ‘ताई, भाव तळाच्या मालाचा मिळतो, वरच्या नाही,’ एवढेच ते म्हणाले. आम्ही काही लपवले नव्हते. तोडताना जे हाती आले ते भरले होते. पण बाजाराच्या लेखी दोन्ही सारखेच, हे मला तिथे उभ्या उभ्या समजले.

माल विषमुक्त आहे हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि दोनच प्रश्न विचारले: रोज येणार का, आणि किती डाग, म्हणजे किती क्रेट, येणार? दोन्हींची उत्तरे माझ्याकडे नव्हती.

शेतकऱ्याच्या दुःखाचे मूळ दलाल, असे आपण शहरात बसून फार सहज म्हणतो. मीही म्हणत असे. काही गाळ्यांवर वजनात आणि पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, काय चालते याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात, आणि त्या सगळ्या खोट्या नसाव्यात. तरीही आमच्यापुरता प्रश्न वेगळा होता. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार १९९६ साली वाशीला हलवला गेला, तो मुळात मोठ्या संख्येने येणाऱ्या गाड्यांसाठी. रात्री पुणे, नाशिक, सातारा या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतूनही माल येतो आणि दादर, भांडुप, मीरा रोडचा किरकोळ विक्रेता उजाडण्यापूर्वी तो उचलून आपल्या ठेल्यावर नेतो. एवढ्या घाईत त्याला क्रेट पाहून, दाबून, फार तर एक फळ मोडून सौदा करावा लागतो. आमच्या बांधावर गांडुळे किती आहेत हे ऐकायला त्याने थांबावे, ही अपेक्षाच चुकीची होती. त्याला सर्व क्रेट एकसारखे हवे असतात आणि आज आवडलेला माल उद्याही मिळायला हवा असतो. अकरा जणांचा थोडा थोडा, सात प्रकारचा आणि आठवड्यातून एकदा येणारा माल या व्यवहारात बसतच नाही, मग तो पिकवला कसाही असो.

पट्टी हातात आली तेव्हा तीत हमाली आणि तोलाई (वजन करण्याची मजुरी) होती, आडत (माल विकून देण्याचे कमिशन) नव्हती. राज्य सरकारने २०१६ च्या जुलैत फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, त्याचा हा परिणाम. अर्थात खरेदीदार ती आडत मनात धरूनच भाव बोलतो, तेव्हा या सुधारणेचा किती रुपयांचा लाभ आमच्या पदरात पडला हे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याच निर्णयामुळे बाजार आवाराबाहेर विक्री करणे मोकळे झाले, हा लाभ मात्र मी दर आठवड्याला प्रत्यक्ष घेते.

त्यानंतर गावात तीन बैठका झाल्या, त्यांपैकी एक बरीच तापली. वाशीला दोनच पिके न्यायची, कारली आणि काकडी. बाकी सर्व घरोघरच्या विक्रीसाठी ठेवायचे, असे ठरले. अकरा जणांचे चार गट करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने लावण करायची, म्हणजे तोडणी एकदम येणार नाही, हेही ठरले, पण सर्वांत उशिरा कोण लावणार यावर घोडे अडले. उशिराच्या लावणीला मार्चमध्ये पाणी पुरत नाही. (भातसा आणि तानसा आमच्याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला बारा महिने जाते, ही गोष्ट अशा बैठकीत कुणीतरी काढतोच.) शेवटी ज्यांच्या विहिरी टिकतात त्या तिघांनी उशिराची पाळी घेतली आणि त्यांना किलोमागे एक रुपया जास्त देण्याचे मान्य झाले.

प्रतवारी आता गावातच होते. शाळेमागच्या पडवीत माझी वहिनी आणि आणखी चौघी कारली लांबीप्रमाणे वेगळी करतात. एक वीत आणि चार बोटे हे त्यांचे माप. जाड, वाकडी, पिवळट फळे मुलुंडकडे येतात, कारण चवीत फरक नाही हे आमच्या घरांना माहीत आहे. वाशीच्या प्रत्येक क्रेटच्या कडीला वहिनीने हिरवी सुतळी बांधायला सुरुवात केली, ती केवळ आपले क्रेट ओळखू यावेत म्हणून. टेम्पोत १,१०० किलो भरल्यावर तेच २,८०० रुपये किलोमागे अडीच रुपयांवर आले. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोठी कमाई हीच, भावातील वाढ त्यानंतर येते.

फेब्रुवारीत शेठनी फोन करून सांगितले की दादरचा एक विक्रेता ‘हिरव्या सुतळीचा माल’ मागतो आहे, कारण तो दुसऱ्या दिवशीही टणक राहतो. त्याला पीजीएस-इंडियाच्या प्रमाणपत्राविषयी काही ठाऊक नव्हते. ज्या पद्धतीत गटातील शेतकरीच एकमेकांची शेते तपासून हमी देतात ती ही व्यवस्था, तिची नोंदणी आम्ही केली आहे आणि मुलुंडच्या घरांना तिचे मोल वाटते. वाशीत मात्र अजून सुतळीच चालते, आणि तिच्यामुळे आम्हाला किलोला दोन रुपये अधिक मिळू लागले.

आता गावात शेतकऱ्यांच्याच मालकीची उत्पादक कंपनी काढण्याची चर्चा आहे. कायद्याला दहा उत्पादक पुरतात, आम्ही अकरा आहोत. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या अशाच शेतकरी कंपनीचे उदाहरण सगळे देतात. पण त्यांनीही सुरुवात द्राक्षांच्या एकाच पिकाने केली होती, ही आठवण मी करून देते. लेखापाल, वार्षिक लेखापरीक्षण आणि सभांची इतिवृत्ते यांचा भार अकरा जणांच्या कारल्यांवर टाकण्याआधी आणखी एक हंगाम जाऊ द्यावा, असे माझे मत आहे. भावाला ते पटलेले नाही.

सध्या मात्र आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर चालू आहे. हंगामात वाशीला गेलेल्या क्रेटपैकी चौदा परत आलेले नाहीत. शेठ म्हणतात दादरला गेले, दादरचा विक्रेता म्हणतो गाळ्यावरच ठेवले. नवीन लावणीची रोपे तयार होत आहेत आणि क्रेटच्या किमती वाढल्या आहेत, म्हणून येत्या गुरुवारी पहाटे मी स्वतः दादरच्या पुलाखाली जाऊन हिरवी सुतळी शोधणार आहे.