राउटरची राउटरशी ओळख

रविवार, रात्री उशिरा

वरच्या मजल्यावरच्या राउटरच्या सेटिंग्जचा बॅकअप खालच्या राउटरने रोज पहाटे आपसूक घ्यावा, एवढंच हवं होतं. आडवा येत होता पासवर्ड. पहाटे तीनला क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपसूक चालवणारा प्रोग्राम) जागा होतो तेव्हा तो टाइप करायला कोण बसणार? आणि स्क्रिप्टमध्ये उघडा पासवर्ड लिहून ठेवणं मला पटत नाही. म्हणून आज एसएसएच कीचं काम हातावेगळं केलं. एसएसएच म्हणजे दुसऱ्या यंत्रात दुरून सुरक्षितपणे शिरायची सोय, आणि की म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी जोडी: प्रायव्हेट की आपल्याकडे, पब्लिक की समोरच्याकडे.

दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली आहे, म्हणजे एसएसएचसाठी ड्रॉपबेअर हा छोटा प्रोग्राम. लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएचची सवय इथे थोडी सोडावी लागते. की बनवायला ड्रॉपबेअर-की ही कमांड, आणि रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या) पब्लिक की ठेवायची फाइलही होम फोल्डरमध्ये नाही, ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरखालच्या ड्रॉपबेअर फोल्डरमध्ये. मी ईडी२५५१९ हा कीचा प्रकार घेतला. आरएसए या जुन्या प्रकाराचं लांबलचक भेंडोळं चिकटवताना मध्येच ओळ तुटली तर शोधत बसावं लागतं. ही एका ओळीत मावते. खालच्यावर जोडी बनवली, पब्लिक की वरच्याच्या ऑथोराइज्ड कीज फाइलीत टाकली. त्या फाइलीत इतरांना लिहिता येत असेल तर ड्रॉपबेअर की मान्यच करत नाही आणि मुकाट्याने पासवर्ड विचारतो. कारण फक्त लॉगमध्ये दिसतं. परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. विषय संपला.

पहिल्यांदा जोडताना समोरच्या राउटरचा फिंगरप्रिंट (त्याच्या कीची छोटी खूण) दाखवून ‘हो की नाही’ विचारतात. तिथे होकार द्यायला क्रॉनजवळ माणूस नसतो. ‘येईल ते मान्य कर’ असा पर्याय आहे, पण मग ओळख पटवण्याला अर्थ काय उरला? वरच्या राउटरवर जाऊन फिंगरप्रिंट ताडून पाहिला आणि एकदाच हाताने होकार दिला.

खरी गोम पुढे आहे. या प्रायव्हेट कीला पासफ्रेज (की उघडायचा परवलीचा शब्द) नाही. ती फाइल ज्याच्या हाती लागेल, तो वरच्या राउटरवर रूट. पासवर्ड गेला म्हणून सुरक्षा वाढली असं आपोआप होत नाही. त्यामुळे ऑथोराइज्ड कीजमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीलाच सक्तीची कमांड लिहिली: या कीने कुणीही आलं तरी सिसअपग्रेड ही राउटरची कमांड सेटिंग्जचा बॅकअप बनवून बाहेर पाठवणार, बस्स. टर्मिनल नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (इथून पुढे दुसरीकडे जोडणी नेणं) नाही. मुद्दाम त्याच कीने लॉगिन करून पाहिलं. प्रॉम्प्ट (कमांड लिहायची जागा) आला नाही, स्क्रीनभर बॅकअपच्या टार फाइलीचा कचरा सांडला. भलताच आनंद झाला!

लॅपटॉपची वेगळी की चालते याची खात्री केल्यावरच वरच्याचं पासवर्ड लॉगिन बंद केलं, तेही जुनं सेशन उघडं ठेवून. खालच्याच्या सिसअपग्रेड यादीत (फर्मवेअर बदलताना जपायच्या फाइलींच्या) रूटचा एसएसएच फोल्डर घातला, नाहीतर पुढच्या फर्मवेअरबरोबर की उडाली असती. बॅकअप पेनड्राइव्हवर जातो. राउटरच्या फ्लॅश मेमरीत एवढी जागा कुठली.

उलट दिशेची की करायची नाही, हेही ठरलं. पाहुण्यांचं वायफाय वरच्या राउटरवर आहे, आणि त्या राउटरला खालच्यात शिरायचं काही कामच नाही.